आधी मुद्दल, मग बोकड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्ध्यातल्या आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. पंधरा-वीस पोरं, चार-पाच पोरी, एक बल्ब आणि टिनावर वाजणारा पाऊस. त्या दिवशी विषय होता यज्ञ. बुद्धानं यज्ञ का नाकारला, यावर मी बोलत होतो. कॉलेजात जाणारा एक पोरगा मधेच उठला. कुठूनतरी मराठी बायबल मिळवून वाचून आला होता. म्हणाला, "दादा, यहुद्यांच्या शास्त्रात बी तेच हाय. पाप करायचं मानसानं आन् मरायचं बोकड्यानं. मंग भटाच्या यज्ञात आन् याच्यात फरक काय राह्यला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. "पुढच्या खेपेला बोलू" म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की पोराचा प्रश्न तीन हजार मैलांवरचा नाही. पाप, प्रायश्चित्त, शुद्धी हे शब्द आपल्याच नावानं, याच वर्ध्यात, मोठ्या आवाजात बोलले गेलेत. तेव्हा त्या बोकडाची चौकशी करायलाच पाहिजे. पाप कुणाचं, शुद्धी कुणाची आणि भरपाई कुणाला, हे तीन प्रश्न हातात धरून ही चौकशी करू.

०००

जुन्या करारातलं तिसरं पुस्तक म्हणजे लेवीय. त्याच्या चौथ्या अध्यायात हा विधी आहे. मराठी भाषांतरकारांनी त्याला 'पापार्पण' म्हटलं. मूळ हिब्रू शब्द 'हत्तात'. माणसाच्या हातून नकळत परमेश्वराची आज्ञा मोडली गेली, तर त्यानं जनावर घेऊन दर्शनमंडपाच्या दाराशी यायचं. जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग ते कापायचं. याजकानं त्याचं रक्त बोटानं वेदीच्या शिंगांना लावायचं, उरलेलं वेदीच्या पायथ्याशी ओतायचं, चरबी वेदीवर जाळायची.

आता जनावर कोणतं, ते बघा. मुख्य याजक चुकला तर गोऱ्हा. सगळी मंडळी चुकली तरी गोऱ्हा. सरदार चुकला तर बोकड. साधा माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. तेवढीही ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे दोनेक लिटर मापाचं पीठ. त्यात तेल नाही, धूप नाही. गरिबाला रक्ताशिवाय मोकळं केलंय.

म्हणजे जेवढा माणूस मोठा तेवढं त्याचं पाप महाग. याजकाच्या पापाची घाण सगळ्यात आत पोचते असं मानलेलं. म्हणून त्याच्या गोऱ्ह्याचं रक्त मंडपाच्या आत न्यायचं, अंतरपटासमोर सात वेळा शिंपडायचं.

आपल्याकडची वही याच्याशेजारी ठेवा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांपैकी काही मारलं तर शूद्राला मारल्याचं प्रायश्चित्त घ्यावं, असं लिहिलंय. शूद्राच्या जिवाची किंमत बेडकाच्या बरोबरीची. खोटं कशाला बोला, त्याच मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरीपुरता उलटा हिशेबही आहे. तिथं शूद्रापेक्षा ब्राह्मणाला कितीतरी पट जास्त दंड सांगितलाय. पण जीव घेतल्याचा हिशेब मात्र जातीनं उतरत जातो. जी वही बाबासाहेबांच्या साक्षीनं २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली गेली, ती ही.

०००

यात एक बारीक गोष्ट आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. रक्त लावतात कुठं? ते पापी माणसाच्या अंगाला लावत नाहीत. वेदीला लावतात. मग स्वच्छ काय झालं? माणूस की वेदी?

जेकब मिलग्रोम नावाच्या यहुदी पंडितानं आयुष्यभर हाच ग्रंथ अभ्यासला. त्याचं म्हणणं असं, की 'हत्तात' म्हणजे पापाचं अर्पण नव्हे, शुद्धीकरणाचं अर्पण. त्यासाठी त्यानं दाखला दिला बाळंतिणीचा. बाळंतीण बाईलाही हत्तात आणावी लागते. बाळंत होणं हे काय पाप आहे? नवीन वेदी बांधली, तिची स्थापना झाली, तरी तिच्यासाठी हत्तात. दगडा-लाकडाच्या वेदीनं काय पाप केलं? तेव्हा त्या लोकांची समजूत अशी होती, की गावात कुठंही अन्याय झाला, आज्ञा मोडली, कुणी अशुद्ध झालं, की त्याची घाण हवेतून जावी तशी देवाच्या घरात जाऊन साचते. ती साचत गेली की देव घर सोडून निघून जातो आणि सगळ्या समाजाचा नाश होतो. ती घाण रक्तानं पुसायची. रक्त म्हणजे त्यांचा साबण. सगळे अभ्यासक हे जसंच्या तसं मानत नाहीत. हत्तात माणसालाही शुद्ध करते असं म्हणणारे आहेत. पण रक्त वेदीला लागतं, हे तर पोथीतच लिहिलंय.

आणखी एक अट. ही अर्पणं नकळत झालेल्या चुकीसाठी. गणना नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय, की जो जाणूनबुजून, हात उगारून पाप करतो त्याला हा रस्ता नाही. त्याला लोकांतून तोडून टाकायचं. हे ध्यानात ठेवा. आपल्यावर जे झालं ते काय नकळत झालं होतं? ते तर लिहून, पाठ करून, पिढ्यान्‌पिढ्या शिकवून केलेलं.

०००

आता महाडला चला. २० मार्च १९२७. बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. ते तळं नगरपालिकेनं ठराव करून आधीच खुलं केलेलं होतं. पुढं काय झालं तुम्हाला पाठ आहे. सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. एकशे आठ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत तळ्यात परत ओतलं.

वरून पाहिलं तर हे हत्तातसारखंच दिसतं. तिथंही जागा धुतली, इथंही जागा धुतली. पोराच्या प्रश्नाला इथं उत्तर सापडतं. तिथं घाण म्हणजे माणसाची करणी, नाहीतर शरीराची चार दिवसांची अवस्था. बाळंतपण, प्रेताला हात लागणं, अंगावरून जाणं. याजकही अशुद्ध होतो, सरदारही होतो. आंघोळ करायची, कपडे धुवायचे, संध्याकाळपर्यंत थांबायचं, की माणूस पुन्हा सगळ्यांसारखा. इथं घाण म्हणजे माणूसच. त्याचा जन्मच. कितीही न्हाला तरी संध्याकाळ होतच नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये हाच भेद पहिल्या दोन प्रकरणांत मांडलाय. विटाळ जगभर होता. पण तो येतो आणि जातो. पिढीजात, कायमचा, अख्ख्या जातीला चिकटवलेला विटाळ फक्त इथला. १९३५ च्या सरकारी यादीतल्या ४२९ जाती त्यांनी तिथं छापल्यात.

लेवीयाच्या सोळाव्या अध्यायातली एक गोष्ट सांगतो. वर्षातून एका दिवशी दोन बोकड आणायचे. चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वरासाठी कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकानं दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवायची आणि तो बोकड जिवंतच रानात, अजाजेलाकडे, हाकलून द्यायचा. आपल्याला हे समजायला जड नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडं मारबत काढतात ना? गावची ईडा-पीडा, रोगराई तिच्या माथी मारायची आणि तिला शिवेबाहेर नेऊन टाकायची. तीच जात.

पण पुढचं वाचा. त्या बोकडाला रानात सोडून येणारा माणूस असतो. त्याच्या हाताला सगळ्या समाजाचं पाप लागलेलं. त्याचं काय करायचं? पोथी म्हणते, त्यानं कपडे धुवावे, आंघोळ करावी, आणि मग छावणीत परत यावं. बस्स. एवढंच.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. आपला आजा-पणजा गावचं मेलेलं ढोर ओढून शिवेबाहेर न्यायचा. गावची घाण बाहेर नेण्याचं काम गावानंच त्याच्यावर टाकलेलं. तो काय न्हात नव्हता? कपडे धूत नव्हता? पण त्याला छावणीत परत कुणी घेतलं? शिवेबाहेर नेणाऱ्याचं घरच शिवेबाहेर बांधलं. बोकडासोबत माणूसही अजाजेलाचा करून टाकला.

याचा अर्थ लेवीय डोक्यावर घेऊन नाचायचं नाही. त्याच पुस्तकात महारोग्याला छावणीबाहेर एकटं राहायला लावलंय. मुलगा झाला तर बाई चाळीस दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर ऐंशी. परक्या लोकांतून गुलाम विकत घ्यायला परवानगी आहे. याजकपण बापाकडून मुलाला. म्हणजे ब्राह्मण तिथंही होता, फक्त अस्पृश्य जन्माला घातला नव्हता. आपण पोथी वाचतो ती पूजायला नाही, हिशेब तपासायला.

०००

आणि हिशेबाचंच एक पान त्या पुस्तकात आहे, जे आपल्या कामाचं आहे. हत्तातच्या शेजारी दुसरं एक अर्पण सांगितलंय. हिब्रूत 'आशाम'. मराठीत 'दोषार्पण'. बोकड-मेंढ्यांच्या गर्दीत ते कुणाच्या नजरेत भरत नाही.

कुणी शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडणूक केली, जुलूम करून घेतलं, सापडलेली वस्तू नाकारली, वर खोटी शपथ घेतली. आता त्याला पस्तावा झाला. त्यानं काय करायचं? देवळात धावायचं? नाही. आधी जे घेतलं ते पुरं परत करायचं. त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. कुणाला? ज्याचं घेतलं त्याला. ज्या दिवशी दोषार्पण आणायचं त्याच दिवशी त्याच्या हातात द्यायचं. आणि मग मेंढा घेऊन वेदीपाशी जायचं. आधी मुद्दल, वर पाचवा हिस्सा, शेवटी जनावर.

आपल्या बापजाद्यांना सवाई-दिढी पाठ होती. पावसाळ्यात सावकाराकडून पायलीभर जवारी आणायची आणि खळ्यावर सव्वा पायली, नाहीतर दीड पायली मोजून द्यायची. पाचवा हिस्सा म्हणजे सावकाराच्या सवाईपेक्षाही थोडा कमीच. म्हणजे मागणी काही अवाच्या सवा नाही.

गणनेच्या पाचव्या अध्यायात एक कलम आणखी आहे. ज्याचं घेतलं तो मेला असेल तर? तर ते त्याच्या नातलगाला द्यायचं. नातलगही नसेल तर याजकाकडं जमा करायचं. पण देणं बुडत नाही. "ते जुनं झालं, आमच्या आज्यानं केलं, आम्ही काहून भरावं?" असं म्हणायची सोय ठेवलेली नाही.

पुढं इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेनं जेरुसलेमचं मंदिर जाळलं. वेदी गेली, तशी बोकड-मेंढ्यांची अर्पणंही थांबली. मग यहुदी धर्मपंडितांनी प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल नियम घालून ठेवला. माणूस आणि देव यांच्यामधलं पाप त्या दिवशी फिटतं. पण माणसानं माणसाविरुद्ध केलेलं पाप, ज्याला दुखावलं त्याची समजूत घातल्याशिवाय फिटत नाही. उपास केला तरी नाही. हा मंदिर पडल्यावर सुचलेला शहाणपणा नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, तकोवाचा मेंढपाळ आमोस वेशीत न्याय विकणाऱ्या श्रीमंतांना तोंडावर सांगून गेला होता, की तुमच्या अर्पणांचा देवाला वीट आलाय.

०००

हे यहुदी काही फक्त पुस्तकातले नाहीत. आपल्याच भाषेचे यहुदी कोकणात आहेत. बेने इस्राएल. अलिबागकडच्या गावांत तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. प्रायश्चित्ताच्या त्या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिलं, दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर उपास, त्या दिवशी दुसऱ्या कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दान.

पण जातीच्या मातीत काय उगवतं बघा. या एवढ्याशा समाजातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग पडले. बाहेरच्या बाईपासून झालेली म्हणून काही घराणी काळी ठरली. त्यांच्याशी रोटीबेटी बंद. ज्या पोथीत विटाळ संध्याकाळी संपतो, ती पोथी मानणाऱ्यांनाही इथला न संपणारा विटाळ चिकटला. पोथी कुठलीही आणा, गावगाडा तिला आपल्यासारखी करून घेतो. धर्मांतर केलेल्या आपण सगळ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं.

०००

आता घरी येऊ. वर्ध्याला.

१९२८ साली जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. सनातन्यांनी विरोध केला. त्या काळात हे धाडसाचं काम होतं, हे मान्य करायला आपली जीभ जड होऊ नये. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याचा उपास आणि पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेला. लगेच सवर्ण पुढाऱ्यांनी संस्था काढली, तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. ७ नोव्हेंबर १९३३ ला गांधीजींचा हरिजन दौरा याच वर्ध्यापासून निघाला. जवळजवळ नऊ महिने, साडेबारा हजार मैल. आणि सगळ्या दौऱ्यात एकच सूर होता. अस्पृश्यता हे हिंदूंचं पाप आहे, त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं, हिंदू धर्म शुद्ध व्हावा.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला. हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला. आपण साधा प्रश्न विचारू. त्या ढिगाऱ्याखाली काय फक्त पाप करणारेच सापडले? ज्यांच्यावर पाप झालं तेही गाडलेच गेले की. तिथंही बोकड आपलाच.

आपण हरिजन सेवक संघाच्या कारभारात का नाही, असं अस्पृश्यांच्या एका शिष्टमंडळानं विचारलं. उत्तर मिळालं, की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पैसाही त्यांचाच, तेव्हा कारभारही त्यांनीच करायचा. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या इंग्रजी ग्रंथात याची पुरी झडती घेतलीय. गांधीजींनी दुसरीही उपमा वापरली होती. सवर्ण हे देणेकरी, तुम्ही धनको. हे मंडळ देणेकऱ्यांचं आहे, तेव्हा पुढाकार त्यांचा.

ठीक आहे. देणेकरी म्हणता ना? मग वही काढा. मुद्दल किती, सांगा. धनकोला न बोलावता, कर्जाचा आकडा न मांडता कोणता देणेकरी कर्ज फेडतो?

इथं दोन अर्पणांचा फरक कामाला येतो. वर्ध्यातून जे निघालं ते हत्तात होतं. सवर्णांचं देऊळ, सवर्णांचा धर्म, सवर्णांचं मन शुद्ध करण्याचं अर्पण. रक्त वेदीला लागलं. ज्याचं लुटलं त्याच्या हाती काय आलं? देवळाचं दार. आशाम कुणी आणलाच नाही.

बाबासाहेबांनी मागितला होता. १४ नोव्हेंबर १९३२ ला गोलमेज परिषदेसाठी विलायतेला जाताना बोटीवरून, पोर्ट सैदहून, त्यांनी संघाचे चिटणीस ठक्कर यांना लांब पत्र लिहिलं. पोर्ट सैद म्हणजे सुवेझच्या तोंडावरचं बंदर, पलीकडं सिनायचं वाळवंट. जिथं त्या लोकांनी आपली छावणी आणि वेदी मांडली असं पोथी सांगते, त्याच वाळवंटाच्या दारातून हे पत्र निघालं. पत्रात काय होतं? माणसामाणसाला सद्गुण शिकवत बसू नका. विहिरी, शाळा, सार्वजनिक जागा यांचे हक्क मिळवून देण्याची मोहीम काढा. नोकरीत, गिरणीत समान संधी द्या. अस्पृश्य कार्यकर्त्यांनाच कामात घ्या. या पत्राची साधी पोचही आली नाही, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलंय. १४ फेब्रुवारी १९३३ च्या मंदिर प्रवेशावरच्या निवेदनातही त्यांनी तेच सांगितलं. उच्च शिक्षण, वरच्या नोकऱ्या, पोट भरायचे चांगले मार्ग, हा उद्धाराचा खात्रीचा रस्ता. देवळाचं दार नंतर.

१९३६ ला गांधीजी सेगावात राहायला आले. तेच पुढं सेवाग्राम. गावात बहुतेक वस्ती अस्पृश्यांची. गावाचे मालगुजार जमनालाल बजाज. तिथं सफाई झाली, सूतकताई झाली, शाळा झाली. जमिनीचं खातं कुणी उघडलं नाही. पुढं १९५० चा कायदा आला आणि १९५१ मध्ये आपल्या भागातली मालगुजारी गेली. भरपाईही दिली गेली. कुणाला? मालगुजारांना. त्यांची सीर आणि खुदकाश्त जमीन त्यांच्याकडंच राहिली. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या त्या वावरात सालदारी केली, वेठ केली, त्याच्या नावानं कुणी दमडी मोजली नाही. आशामचा नियमच उलटा केला. मुद्दल वर पाचवा हिस्सा, आणि तोही घेणाऱ्यालाच!

०००

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी चहाच्या टपरीवर म्हणालं, की "तुमाले सवलती भेटते, फुकटचं खाता", तर चिडू नका. शांतपणे हिशेब मांडा. राखीव जागा ही कुणाची दया नाही, कुणाचं प्रायश्चित्तही नाही. ती परतफेड आहे, आणि तीही मुद्दलाची पुरी नाही. पाचवा हिस्सा तर अजून दूरच आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांना घेऊन जमिनीचा सत्याग्रह केला, तो मुद्दलासाठीच होता. तुरुंग भरले. जमीन किती मिळाली, ते आपल्या वस्त्यांकडं बघून कळतं.

पस्तावा वाईट नाही. कुणी सवर्ण मित्र मनापासून "आमच्या लोकांनी चुकीचं केलं" म्हणत असेल तर त्याला झिडकारू नका. फक्त विचारा, आज कोणत्या दिवसाचा मेंढा आणलाय, आणि मुद्दल कुठाय?

आणि आपल्याला बोकडाची, वेदीची, याजकाची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ते दुकान सोडलं. बुद्धानं यावर काय सांगितलं ते दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात आहे. कूटदंत नावाचा ब्राह्मण शेकडो बैल, गोऱ्हे, बकरे बांधून यज्ञाच्या तयारीत होता. बुद्धानं त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगितली. राजाच्या पुरोहितानं राजाला सल्ला दिला, की यज्ञाच्या नावानं रयतेवर कर बसवू नकोस. शेतकऱ्याला बी आणि वैरण दे. व्यापाऱ्याला भांडवल दे. चाकरी करणाऱ्याला पगार दे. मग लोक दारं उघडी टाकून झोपतील. त्या राजाच्या यज्ञात एकही जनावर मेलं नाही. पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं पुरं उत्तर हे. आशाममध्ये मुद्दलानंतर तरी मेंढा मरतो. बुद्धानं मुद्दल ठेवलं आणि मेंढा सोडून दिला.

शेवटी एक गोष्ट, जी लिहिताना माझाच हात थांबला. देणेकऱ्यांच्या वहीत आपलं पान कोरं आहे का? मांग वस्तीला आपण किती जवळ घेतलं? डोक्यावर मैला वाहणाऱ्याच्या घरी आपल्यापैकी किती जण जेवले? माय आणि बहीण मोर्चात पुढं असते, संस्थेच्या कारभारात कुठं असते? त्या कोकणातल्या यहुद्यांमध्ये गोरे आणि काळे होते, ते वाचून आपण हसलो. आपल्यातले गोरे-काळे कोण? दुसऱ्याकडून वसूल करणाऱ्याचं स्वतःचं खातं चोख पाहिजे. नाहीतर आपणही सावकारच.

तेव्हा या महिन्यात एक काम करू. प्रत्येकानं आपापल्या गावच्या तलाठ्याकडं जाऊन कागद बघावा. ई-क्लास जमीन किती, कुणाच्या ताब्यात. आपल्या वस्तीची स्मशानभूमी नोंदीत आहे का, की कुणाच्या धुऱ्यात गेली. सार्वजनिक विहीर कोणती आणि तिच्यावर प्रत्यक्षात कोण भरतो. घरकुलाची जागा कुणाच्या नावानं मंजूर होऊन कुणी बळकावली. मांग, भंगी, पारधी, कोलाम यांची नोंद आपल्या आधी घ्या. आणि ते एका वहीत लिहून रविवारी विहारात आणा. त्या पोरालाही सांगितलंय. तो वही घेऊन येणार आहे.

जय भीम.